कर्ता, कृती आणि कथन: व्हिडिओ गेमच्या कलात्मकतेचा प्रश्न

व्हिडिओ गेमला कथनकला मानावे काय, हा प्रश्न गेल्या काही दशकांत दोन निरनिराळ्या पातळ्यांवर विचारला गेला आहे. त्यांपैकी संस्थात्मक पातळीवर त्याचे उत्तर बव्हंशी मिळाले आहे. हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द ठरविला आणि पुस्तके, नाटके व चित्रपट यांना असणारे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण गेमलाही आहे, असा निर्वाळा दिला. २०१२ मध्ये स्मिथ्सोनियन अमेरिकन कलासंग्रहालयाने व्हिडिओ गेमच्या कलेचे प्रदर्शन भरविले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १४ गेम आपल्या संग्रहात समाविष्ट केले; मात्र ते वास्तुकला आणि अभिकल्प या विभागात. समीक्षेच्या पातळीवर या मान्यतांचा उपयोग मर्यादित आहे. न्यायालयाचे संरक्षण निकृष्ट कादंबरीलाही मिळते, आणि सुरेख बनावटीची खुर्ची कथा सांगत नसतानाही संग्रहालयात जाऊन बसते.

व्याख्येच्या मार्गानेही हा प्रश्न सुटण्यासारखा नाही. ज्या संकल्पनेला एकच एक सत्त्व नसते, तिच्या घटकांत केवळ कुलसाम्य असते, अशा संकल्पनेचे उदाहरण म्हणून विट्गेन्श्टाइनने ‘खेळ’ हीच संकल्पना निवडली होती. पुढे १९५६ मध्ये मॉरिस वाइट्झ याने त्या विवेचनाचा आधार घेऊन ‘कला’ ही संकल्पनाही खुली असते, असे प्रतिपादन केले. कलेच्या व्याख्येचे दार खेळाच्या दृष्टान्ताने उघडले गेले आणि आता त्याच दारात खेळ उभा आहे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. तथापि दार उघडे असणे हा प्रवेशाचा अधिकार ठरत नाही. तो अधिकार एखाद्या कृतीच्या विश्लेषणातूनच सिद्ध करावा लागतो.

असे विश्लेषण करण्यापूर्वी या वादातील एका समान गृहीतकाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. १९९७ मध्ये जॅनेट मरी यांनी संगणकीय माध्यमात नव्या कथनप्रकाराची शक्यता पाहिली. त्याच वर्षी एस्पेन आर्सेथ यांनी वाचकाच्या प्रत्यक्ष श्रमावाचून जी उलगडत नाही अशा संहितेची मीमांसा केली. त्यानंतरच्या काही वर्षांत गोन्झालो फ्रास्का, येस्पर यूल प्रभृतींनी खेळाचा विचार खेळ म्हणूनच व्हावा, कथनमीमांसेची उपकरणे त्यावर लादू नयेत, अशी भूमिका मांडली. या वादाच्या बाहेरून चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००५ मध्ये आक्षेप घेतला. त्यांच्या मते गंभीर साहित्य आणि चित्रपट यांना लेखकाचे नियंत्रण लागते. गेममध्ये खेळणाऱ्याच्या निवडीला वाव असतो. म्हणून तो त्या कलांच्या बरोबरीला येऊ शकत नाही. गेमच्या पुष्कळशा समर्थकांनी याला दिलेले उत्तर असे, की ही निवडीची मुभा हेच या माध्यमाचे वैभव आहे. म्हणजे आक्षेपक आणि समर्थक या दोघांनाही निवड हेच गेमचे व्यवच्छेदक लक्षण वाटते. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. कारण निवड आणि कृती या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला कोणतीही निवड उपलब्ध नाही, त्यालाही कृती करावी लागते, आणि तिचे ओझे वाहावे लागते. शोकात्मिकेचा बराच मोठा भाग याच जाणिवेवर उभा आहे.

फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली निर्माण झालेला ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) हा जपानी गेम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वांडर नावाचा तरुण, मोनो या मृत तरुणीचे कलेवर घोड्यावर घेऊन, एका निषिद्ध प्रदेशातील देवालयात येतो. डॉर्मिन नावाची अशरीरी शक्ती त्याला सांगते, की या प्रदेशातील १६ महाकाय प्राणी मारले तर मोनो जिवंत होऊ शकेल. मात्र त्याची किंमत जबर असेल. वांडर ते मान्य करतो. कथानक एवढेच. वाटेत किरकोळ शत्रू नाहीत, गावे नाहीत, संवाद जवळजवळ नाहीत. ओसाड माळ, ॲग्रो नावाचा घोडा आणि उंच धरताच प्रकाशकिरणांनी पुढच्या प्राण्याची दिशा दाखविणारी तलवार, इतकीच सामग्री आहे. कथानकाला फाटे नाहीत. खेळणाऱ्याला घटनाक्रम बदलता येत नाही, कोणाला जीवदान देता येत नाही. ईबर्ट यांना अभिप्रेत असलेले लेखकाचे नियंत्रण येथे जवळजवळ संपूर्ण आहे. नकार देण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खेळ बंद करण्याचा.

या काटेकोर बंधनातच कृतीचा अर्थ हळूहळू पालटत जातो. पहिला प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचा उन्माद अपेक्षित असतो. कानी पडते ते शोकसंगीत. मृत देहातून निघालेले काळे तंतू वांडरच्या शरीरात शिरतात आणि तो बेशुद्ध पडतो. देवालयात तो पुन्हा शुद्धीवर येताना त्याच्याभोवती काळ्या छाया उभ्या असतात, आणि प्रत्येक वधागणिक त्यांत एकीची भर पडते. त्याची कांती निस्तेज होत जाते, केस काळवंडतात. तेरावा प्राणी वाळवंटावर तरंगणारा एक प्रचंड नाग आहे. तो एकदाही हल्ला करीत नाही. त्याला खाली आणण्यासाठी खेळणाऱ्यालाच बाण सोडून त्याच्या अंगावरील हवेच्या पिशव्या फोडाव्या लागतात. हा प्रसंग कादंबरीत वाचला असता तर नायकाच्या क्रौर्याविषयी मत बनविता आले असते. येथे नेम धरणारा हात खेळणाऱ्याचा आहे. शिवाय नेम अचूक लागला याचे समाधान त्याच हाताला मिळालेले असते. कौशल्याचा आनंद आणि कृत्याची घृणा ही एकाच क्षणी, एकाच व्यक्तीच्या ठिकाणी उत्पन्न होतात. हा संमिश्र भाव या माध्यमाखेरीज अन्यत्र क्वचितच संभवेल.

या गेमचे मध्यवर्ती आशयसूत्र त्याच्या शब्दांत सापडत नाही. ते ‘धरून ठेवणे’ या क्रियेत आहे. प्राण्याच्या अंगावरील केस पकडून वर चढावे लागते, आणि त्यासाठी नियंत्रकावरील एक कळ सतत दाबून ठेवावी लागते. प्राणी अंग झटकू लागला की बोट अधिकच घट्ट होते. वांडरची शक्ती ओसरली की पकड सुटते. मृत्यूने नेलेल्याला सोडून देता न येणे हा वांडरचा दोष, आणि तोच खेळणाऱ्याच्या बोटाला शिकविला गेला आहे. म्हणूनच शेवट विलक्षण परिणामकारक होतो. सोळावा प्राणी मेल्यावर डॉर्मिन वांडरच्या देहात संचरते. त्याच्या मागावर आलेला एमॉन हा धर्मगुरू देवालयातील कुंडात तलवार टाकतो, आणि तेथे उठलेला झंझावात वांडरला कुंडाकडे ओढू लागतो. पलीकडे मोनो निजलेली आहे. या क्षणी नियंत्रण खेळणाऱ्याच्याच हाती ठेवलेले आहे. तो धावू शकतो, पायऱ्यांना धरू शकतो, तीच कळ दाबून राहू शकतो. सुटका मात्र होत नाही. १६ वेळा यशस्वी ठरलेली पकड येथे निष्फळ आहे, आणि ती केव्हा सोडायची हे ठरविणेच काय ते उरते. आसक्तीचा त्याग हा विचार येथे कोणी उच्चारीत नाही. तो स्नायूंना कळतो.

या अनुभवाचे स्वरूप समजून घेण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील साधारणीकरणाची संकल्पना उपयोगी पडते. रसास्वादात ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ असे व्यक्तिनिष्ठ संबंध गळून पडतात, हे भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या विवेचनाचे सार आहे. मात्र ती मीमांसा सहृदय प्रेक्षकाची आहे. कृती नायकाची, अभिनय नटाचा आणि आस्वाद प्रेक्षकाचा, अशी विभागणी तिच्या मुळाशी आहे. गेममध्ये ही विभागणी मोडते. खेळणारा प्रेक्षक आहे आणि काही अंशी नटही आहे. पण संहिता ठाऊक नसलेला नट. त्याची कृती लौकिक नाही, कारण प्रत्यक्षात कोणाचाही वध झालेला नाही. ती सर्वस्वी परक्याचीही नाही, कारण ती त्याच्याचकडून घडलेली असते. या अवस्थेला साधारणीकृत कर्तृत्व म्हणता येईल. शोकात्मिकेचा प्रेक्षक इडिपसच्या अभिज्ञानाकडे भय आणि करुणा यांनी पाहतो. त्याला सत्य आधीच ठाऊक असते. येथे अभिज्ञान खेळणाऱ्याचे स्वतःचे आहे, आणि त्यातून उपजणारा भाव पश्चात्तापाच्या जवळचा आहे. दुसऱ्याच्या कृत्याबद्दल खेद होतो, पश्चात्ताप होत नाही. म्हणून हा भाव केवळ वाचून किंवा पाहून जागा होणे कठीण.

कथनाला आधीच घडून गेलेले काही लागते, गेममध्ये सारे आत्ता घडते, म्हणून तेथे कथन नाही, असा युक्तिवाद यूल यांनी एके काळी केला होता. तो निवेदनपर साहित्यापुरता ग्राह्य आहे. नाट्यही वर्तमानातच घडते, आणि ॲरिस्टॉटलने कृतीच्या द्वारे होणारी अनुकृती ही निवेदनाहून वेगळी रीत म्हणून स्वतंत्रपणे मानली आहे. त्या रीतीचाच हा एक नवा प्रकार ठरतो.

हा निकष लावला की प्रत्येक महत्त्वाकांक्षी गेम त्याला उतरत नाही, हेही स्पष्ट होते. ‘बायोशॉक’ (२००७) या गेममध्ये खेळणारा रेडिओवरील आवाजाच्या सूचना पाळत जातो. त्या सूचनांतील एका सभ्य शब्दप्रयोगाने नायक संमोहित होता, हे रहस्य पुढे उलगडते. आज्ञापालनावरील हे भाष्य निःसंशय बुद्धिमान आहे. परंतु ज्या हत्येच्या प्रसंगी ते प्रकट होते, तेथे नियंत्रण खेळणाऱ्याकडून काढून घेतले जाते. कृत्याच्या ऐन क्षणी गेम चित्रपट होतो, आणि त्यानंतर नायक दुसऱ्या आवाजाच्या सूचना पाळू लागतो. क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्येच या कृतीतील खेळ आणि कथन यांच्या विसंवादावर बोट ठेवले होते. ‘बायोशॉक’ जे सांगतो, ते ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ करवून घेतो. अर्थात त्यातही प्रारंभ आणि बराचसा शेवट निव्वळ पाहावयाचा आहे, हे नाकारता येत नाही. अपयश आल्यास प्रसंग पुन्हा खेळता येतो, आणि त्यामुळे नायकाच्या मृत्यूला कथेत स्थान राहत नाही, ही या माध्यमाची आणखी एक मर्यादा. तथापि प्राण्यांचा मृत्यू मात्र अटळ आणि अपरिवर्तनीय ठेवलेला आहे. ही विषमताही अर्थपूर्ण आहे. मारणाऱ्याला पुन्हा पुन्हा संधी मिळते, मरणाऱ्याला मिळत नाही.

व्हिडिओ गेम चित्रपटासारखा देखणा किंवा कादंबरीसारखा गुंतागुंतीचा आहे, हे त्याचे खरे समर्थन होऊ शकत नाही. ती उसनी प्रतिष्ठा आहे. जे केवळ केल्यानेच कळते, ते त्या कृतीतून कळविले गेले आहे काय, एवढे प्रत्येक गेमला विचारणे समीक्षेला शक्य आहे. बहुतेक गेमच्या बाबतीत त्याचे उत्तर नकारार्थी येईल. बहुतेक कादंबऱ्यांची स्थिती याहून वेगळी नाही, आणि त्यामुळे कादंबरी या वाङ्मयप्रकाराचे कलापण कधी संशयास्पद ठरलेले नाही.