शोधशब्द आणि साक्ष : एका नव्या गद्यप्रकाराची परीक्षा

जाहिरात, दरपत्रक, वस्तूंची शिफारस यांसारखे लेखन आपण सहसा समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवतो. परंतु सुशिक्षित मराठी माणूस आज नित्य जे गद्य वाचतो, त्यापैकी बरेचसे याच प्रदेशातील असते. म्हणून शोधशब्दांभोवती, म्हणजे व्यवहारात ज्यांना 'कीवर्ड' म्हणतात त्यांभोवती, रचलेली आणि दलालीवर चालणारी संकेतस्थळे हा एक गद्यप्रकारच आहे असे धरून त्याची परीक्षा करण्याचे येथे योजिले आहे.

या व्यवसायाची रचना साधी आहे. लेखक स्वतः काही विकत नाही. तो वस्तूविषयी मजकूर लिहितो, त्यात विक्रेत्याच्या दुकानाकडे नेणारा दुवा ठेवतो आणि त्या दुव्यावरून गेलेल्या वाचकाने खरेदी केली की त्याला ठरलेली दलाली मिळते. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये, मुख्यतः ग्रंथविक्री करीत असताना, ही पद्धत स्वीकारली. पुढे ती सर्व तऱ्हेच्या वस्तूंना लागू झाली. वाचक मात्र शोधयंत्राच्या वाटेने यावा लागतो. म्हणून लोक कोणते शब्द किती वेळा शोधतात आणि त्या शब्दांसाठी स्पर्धा किती आहे, हे लेखक प्रथम पाहतो. नुसत्या 'मिक्सर' या शब्दापेक्षा 'पाच माणसांच्या कुटुंबासाठी चांगला मिक्सर' हा शब्दसमूह त्याला अधिक मोलाचा वाटतो. कारण असे विचारणारा माणूस खरेदीच्या उंबरठ्यावर उभा असतो. थोडक्यात, येथे शब्द आधी ठरतो आणि वस्तू मागाहून येते.

या लेखनावर द्रव्यलोभाचा आरोप करणे सोपे आहे. पण तो टिकणार नाही. काव्याच्या प्रयोजनांत मम्मटानेही अर्थप्राप्तीची गणना केली आहे. वाचकाच्या प्रश्नापासून आरंभ करणे हाही दोष नव्हे. पाकशास्त्राची पुस्तके आणि कोश याच मार्गाने सिद्ध होतात. खरा दोष शोधावयाचा तर आपल्या प्रमाणशास्त्राकडे वळले पाहिजे.

न्यायदर्शनाने आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण मानले आहे. वात्स्यायनाच्या विवरणानुसार ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो सांगतो. तेव्हा दलाल हाही आप्त होऊ शकतो. अट एवढीच की त्याने वस्तू जाणलेली असावी.

नेमकी हीच अट या गद्यात वारंवार मोडते. 'सर्वोत्तम दहा मिक्सर' या धर्तीचा लेख घ्यावा. त्यात वॉट, भांड्यांची संख्या, हमीची वर्षे आणि गुणदोषांचा तक्ता असतो; यांतील बहुतेक मजकूर उत्पादकाच्या पत्रकातून उचलता येतो. सुके खोबरे वाटताना मोटर तापून येणारा वास, वर्षभरात सैल पडणारे झाकणाचे रबर, दाण्याचा कूट करताना पात्याखाली बसणारा लगदा यांचा तेथे मागमूस नसतो. तरीही लेखाचा सूर वापरून पाहिलेल्या माणसाचा असतो. साक्षीदार घटनास्थळी नव्हता, पण साक्ष प्रथमपुरुषी आहे! याउलट २०११ मध्ये सुरू झालेले आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेले 'वायरकटर' हेही दलालीवरच चालते. पण तेथे वस्तू वापरून, ताडून मग निवड सांगण्याची प्रथा आहे. यावरून दलाली आणि आप्तता यांचे वैर अटळ नाही, हे स्पष्ट होते.

भाषेवर होणारा परिणाम मराठीच्या अभ्यासकाने विशेष पाहण्याजोगा आहे. मराठीत नाम विभक्तिप्रत्ययाबरोबर रूप पालटते. 'पंखा'चे 'पंख्याची' होते. घाईत शोधणारा मात्र 'पंखा किंमत' एवढेच लिहितो. ते शब्द जसेच्या तसे शीर्षकात यावेत म्हणून लेखक सामान्यरूप टाळतो, सर्वनाम वापरण्याऐवजी नामच पुन्हा पुन्हा योजतो आणि अखेरीस मराठी मजकुरालाच 'इन मराठी' असे शेपूट जोडतो. विचारणाऱ्याची तुटक भाषा ही उत्तर देणाऱ्याची शैली बनते.

शोधयंत्रांनाही हा दोष जाणवला आहे. गूगलने २०११ पासून निकृष्ट मजकूर मागे सारण्याचे प्रयत्न केले आणि २०२२ च्या डिसेंबरात आपल्या गुणवत्तेच्या निकषांत 'अनुभव' हा शब्द घातला. तथापि जर्मन संशोधकांनी वस्तुपरीक्षणविषयक ७,३९२ प्रश्न वर्षभर निरनिराळ्या शोधयंत्रांना विचारून २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वरच्या क्रमांकाची पृष्ठे सरासरीने अधिक दलालीयुक्त आणि भाषिक गुणवत्तेत उणी आढळली. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आर्थिक संबंध उघड करावा, आणि शिफारस पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी, असे म्हटले आहे. यांतील 'किंवा' हा शब्द लक्षणीय आहे. कायद्याला माहिती पुरते. समीक्षेला ती पुरू नये.

हा प्रश्न आपल्या विभागापासून दूरचा नाही. भाषा विषय घेऊन बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपुढे अशा लेखनाचे काम येतेच, आणि ते करण्यात हीनपणा नाही. उत्पादकाचे पत्रक चाळून परिच्छेद जुळविण्याचे कार्य तर आता यंत्रही क्षणार्धात करते. म्हणून लेखणी हाती घेणाऱ्याने शोधशब्द अवश्य पाहावा. परंतु आपण ती वस्तू जाणतो काय, हे त्याआधी स्वतःस विचारावे. जाणत नसल्यास तसे लिहावे. तेवढ्या एका वाक्यानेही ते गद्य जाहिरातीतून साक्षीकडे सरकू लागेल.