सर्वनामाचा कायदा: दावा एका बाटलीचा, नमुना दुसऱ्या बाटलीचा

पेट-नेटची तयारी करणाऱ्यांत वादाचे विषय निघतातच. इथं सात रस्त्याला अभ्यासिकेतून उठून चहाला गेलं, की एक वाक्य अधूनमधून कानावर येतं: "कॅनडात चुकीचं सर्वनाम वापरलं तर तुरुंगात टाकतात." आज हे वाक्य आपण पेपरमधल्या दाव्यासारखं तपासू.

वाद पेटला 2016 मध्ये. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉर्डन पीटरसन यांनी सी-16 विधेयकाला विरोध केला. मी काय बोलायचं हे सरकार ठरवतंय, असा त्यांचा मुद्दा. 2017 मध्ये कायदा झाला. त्याचा मजकूर छोटा आहे. भेदभावविरोधी कायद्यात आणि फौजदारी संहितेतल्या द्वेषप्रचाराच्या आणि शिक्षा ठरवण्याच्या कलमांत लिंगओळख आणि लिंगाभिव्यक्ती हे आधार वाढवले, एवढंच. 'सर्वनाम' हा शब्द त्यात नाही. म्हणजे तुरुंगाचा दावा टिकत नाही.

पण समर्थकही इथंच थांबतात, आणि तेही अपुरं आहे. ऑन्टारिओ प्रांताचा मानवाधिकार कायदा वेगळा आहे. त्यात लिंगओळख 2012 मध्येच आली. तिथल्या आयोगाच्या मते नोकरी, घर, शिक्षण अशा ठिकाणी एखाद्याचं सर्वनाम वापरायला नकार देणं भेदभाव ठरू शकतं. म्हणजे भीतीला थोडा आधार आहे, पण तो दुसऱ्या कायद्यात, आणि तो तुरुंगाचा नाही. एका बाटलीतला नमुना मोजायचा आणि निष्कर्ष दुसऱ्या बाटलीवर चिकटवायचा, असं दोन्ही बाजूंनी चाललंय.

आता आपल्याकडं बघा. 2014 च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टानं लिंगओळख व्यक्त करणं हे कलम 19(1)(अ) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्यच मानलं. जानेवारी 2021 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादलीच्या एका तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला होता. औरंगाबाद खंडपीठानं तिला महिला प्रवर्गातून ग्रामपंचायत लढवायला परवानगी दिली.

मराठीत तर सर्वनामाआधी क्रियापदच बोलतं. 'मी आले' म्हटलं की ओळख सांगून झाली. मग 'मी आले' म्हणणारी आणि तिच्याबद्दल 'तो आला' म्हणणारा, दोघंही एकाच कलमाकडं बोट दाखवू शकतात. म्हणून 'भाषणस्वातंत्र्य विरुद्ध हक्क' ही मांडणी आपल्याकडं जशीच्या तशी लागू होत नाही.

खरी अडचण पुढं आहे. 19(2) मधली बंधनांची कारणं मोजकी आहेत: बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. नुसतं मन दुखावणं त्यात नाही. उलट 2019 मध्ये संमत झालेल्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 18 शाब्दिक आणि भावनिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा सांगतं, पण छळ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या देत नाही. माझं मत: चुकून निघालेला 'तो' गुन्हा ठरू नये. वर्गात रोज हशा पिकवायला मुद्दाम वापरलेला 'तो' मात्र छळच, कारण त्यापायी एखादीचं शिक्षण सुटतं. ही रेघ कायद्यानं स्पष्ट आखली नाही, तर बोलणारा आणि सोसणारी, दोघंही पोलिसांच्या मर्जीवर राहतात.

तोवर भाषेत एक सोय आहेच: 'तुम्ही कधी आलात?' यात लिंग येतच नाही.

आणि पुढच्या वेळी असा दावा ऐकलात, की तीन गोष्टी विचारा: कुठला कायदा, कुठलं कलम, शिक्षा काय?