जुन्या जॅझच्या चाली आणि मुंबईचा ट्रम्पेट

आरंभीच्या जॅझची खरी लज्जत समूहवादनात आहे. न्यू ऑर्लिन्सच्या बँडमध्ये कॉर्नेट चाल धरते, क्लॅरिनेट वरच्या पट्टीत तिच्याभोवती नक्षी काढते आणि ट्रॉम्बोन घसरत्या सुरांनी खालून आधार देतो. तिघेही एकाच वेळी, एकमेकांना ऐकत, सुचेल तसे वाजवतात. ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड’ची १९१७ची ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’ ही पहिली जॅझ तबकडी मानली जाते. तिच्यात वाद्यांवर कोंबडा, घोडा आणि गाय यांचे आवाज काढले आहेत. इतिहास म्हणून ती एकदा ऐकावी. पुन्हा पुन्हा ऐकावी ती किंग ऑलिव्हरची ‘डिपरमाउथ ब्लूज’ (१९२३). कॉर्नेटच्या तोंडाशी आवाज दाबणारा म्यूट हलवून ऑलिव्हर सुराला बोलते करतो, आणि दुसऱ्या कॉर्नेटवर तरुण लुई आर्मस्ट्राँग त्याला साथ देतो. जेली रोल मॉर्टनच्या ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’मध्ये (१९२६) बांधीव रचना आणि उत्स्फूर्त वादन यांचा सुरेख तोल आहे.

या सगळ्यांच्या वर ‘वेस्ट एंड ब्लूज’ (१९२८). सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटाच, ठेक्याविना ट्रम्पेट उचलतो. वर झेपावून खाली उतरणारी ती जागा जेमतेम बारा-तेरा सेकंदांची, पण बैठकीतल्या आलापाने राग उभा राहावा तसा सगळा ब्लूज तिथेच उभा राहतो. शेवटी तो एकच वरचा सूर लांबवर धरून ठेवतो आणि मग स्वरांची सर सोडतो. इथून जॅझ समूहाकडून एकल वादकाकडे वळला. मुंबईला जॅझ मिळाला तो हे वळण झाल्यानंतरचा.

न्यू ऑर्लिन्सशी मुंबईचा संबंध त्याआधीचा, कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) ते बंदर अडले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जॅझ मात्र १९३५मध्ये लिऑन ॲबीच्या बँडबरोबर ताजमहाल हॉटेलात उतरला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवादक होता.

ताजचे नाचघर गिरणी कामगारासाठी नव्हते. त्याच्यापर्यंत हे सूर सिनेमातून पोचले, आणि त्याचे मोठे श्रेय पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांना जाते. गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (अंतोनियो झेवियर वाझ) त्यांच्या ताफ्यात होता. ‘अलबेला’त (१९५१) तो बँडसह पडद्यावरही दिसतो, नायक भगवान पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. ‘शोला जो भडके’चा ठेका जॅझपेक्षा लॅटिन अमेरिकी आहे आणि ‘समाधी’तल्या (१९५०) ‘गोरे गोरे’ची चाल थेट कारमेन मिरांडाच्या गाण्यावरून आलेली. जॅझच्या सर्वांत जवळ जाते ते ‘आशा’तले (१९५७) ‘ईना मीना डीका’: अर्थहीन अक्षरांशी असे खेळण्याची वाट आर्मस्ट्राँगने ‘हीबी जीबीज’मध्ये (१९२६) रुंद केली होती.

या गाण्यांत ब्रासची झळाळी आहे, उडता ठेका आहे. न्यू ऑर्लिन्ससारखे तिघांनी एकमेकांत गुंफलेले मोकळे वादन नाही. त्याचे कारण कामाच्या पद्धतीत सापडते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक स्टुडिओत लिहिलेले अचूक वाजवत. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत गायक मध्यभागी, आणि वादकाला मोकळीक फक्त दोन कडव्यांमधल्या तुकड्यात. याच वादकांनी रात्री हॉटेलांत जे मोकळेपणाने वाजवले, त्यातले फार थोडे ध्वनिमुद्रित झाले. मुंबईच्या जॅझची सर्वांत मोठी हानी हीच.

१९६४मध्ये आर्मस्ट्राँग स्वतः मुंबईत येऊन वाजवून गेला. १९७८मध्ये सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाने सनी रोलिन्ससारखे वादक इथे आणले, पण तो आधुनिक जॅझ. पुढे इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आले आणि सिनेमातला ब्रासचा ताफाही पांगला.