‘कुनिंगस्’ शब्दाची व्युत्पत्ति आणि ‘जनक’वाद

इंग्रजी ‘किंग’ हा शब्द म्हणजे आपला ‘जनक’च होय, असें माक्स म्युल्लर यांनीं आपल्या भाषाशास्त्रावरील व्याख्यानांत प्रतिपादिलें. हें मत ऐकावयास गोड आहे खरें. परंतु फिन्निश भाषेची साक्ष काढली असतां तें टिकत नाहीं.

फिन्निश व एस्टोनियन या भाषा आर्यकुळांतील नव्हेत. तथापि दोहोंतही राजास ‘कुनिंगस्’ म्हणतात. हा शब्द जर्मानिक ‘कुनिंगझ्’ या कल्पित मूळरूपावरून उसना घेतलेला आहे. अशा शब्दांचा पद्धतशीर विचार विल्हेल्म थॉमसेन यांनीं १८६९ मध्यें केला, (ओर्खोन येथील शिलालेखांचा उलगडा करणारे ते हेच.) नवल असें कीं, मूळ धन्याच्या घरीं शब्द झिजून ‘किंग’, ‘क्योनिग’ असा उरला आणि ऋणकोनें मात्र तो जवळजवळ अक्षत राखिला! पोथीच्या वयावरून शब्दाचें वय ठरविणारानें हें ध्यानांत घ्यावें. फिन्निक भाषांचा सर्वांत जुना ज्ञात लेख म्हणजे नोव्हगोरोड येथें १९५७ मध्यें सांपडलेलें भूर्जपत्र क्र. २९२, तें तेराव्या शतकाचें. उलट, शब्दाच्या अंतींचा ‘अस्’ हा ज्या जर्मानिक प्रत्ययाचा अवशेष, तो गालेहूसच्या सुवर्णशृंगावरील पांचव्या शतकाच्या रूनलेखांत आढळतो. (तें शृंग १८०२ मध्यें चोरीस जाऊन वितळविलें गेलें, लेख आतां जुन्या रेखाटनांवरूनच वाचावा लागतो.)

आतां ‘जनक’. संस्कृत ‘क’काराच्या जागीं जर्मानिकांत ‘ह’ किंवा ‘ग’ येतो, हें मान्य केलें तरी ‘कुनिंगस्’मधील अनुनासिक कोठून आलें? तें लेखकदोषानें शिरलेलें नव्हे. प्राचीन स्लाव्ह भाषेनें हाच शब्द स्वतंत्रपणें उचलला, तेथेंही सानुनासिक स्वर आहे. म्हणून ‘कुन्य’ म्हणजे कुल, आणि ‘इंग’ हा अपत्यवाचक प्रत्यय, अशी फोड करणेंच सयुक्तिक. अर्थ ‘कुलीन’, ‘कुलपुत्र’. ‘कुन्य’ आणि ‘जन्’ यांचा धातु एकच आहे, हें निर्विवाद. पण एका धातूचीं दोन अपत्यें म्हणजे एकच व्यक्ति नव्हे.

या शब्दास गॉथिकांचें ऋण म्हणणेंही आम्हांस संमत नाहीं. उप्साला येथील सहाव्या शतकांतील रौप्याक्षरी गॉथिक पोथींत राजास ‘थिउदन्स्’ म्हटलें आहे. ‘कुनिंगझ्’चा तींत मागमूस नाहीं. तेव्हां धनको शोधावयाचा तो बाल्टिक समुद्राच्या पश्चिमेस, प्राचीन स्कंदिनाव्हियन भाषा बोलणारांत किंवा त्यांच्या पूर्वजांत.