सॉफ्टवेअरची चौकट कशी निवडावी?

उद्योगांसाठी संगणकप्रणाली तयार करणारे सारे काही कोऱ्या पाटीवर लिहीत नाहीत. माहिती साठवणे, कोणाला काय दिसावे हे ठरवणे, अहवाल काढणे ही नेहमीची कामे करणारी तयार चौकट, म्हणजे ‘फ्रेमवर्क’, ते घेतात. अशा चौकटींची तुलना बहुधा कोष्टकाने होते : वेग, सोय, लोकप्रियता यांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. ही पद्धत आम्हाला अपुरी वाटते.

कारण चौकट हे नुसते हत्यार नव्हे. हत्यार आपण हवे तेव्हा उचलतो. येथे उलट घडते; आपण लिहिलेला भाग केव्हा चालवायचा हे चौकट ठरवते. भिवंडीजवळच्या शेलारसारख्या गावातील वाचकांना यंत्रमागावरून हे सहज समजेल. सूत आपले, पण धोटा केव्हा धावणार आणि कापडाचा पन्हा जास्तीत जास्त किती, हे मागच ठरवतो.

दोन उदाहरणे घेऊ. रॉड जॉन्सन यांनी २००२ साली जावाच्या तत्कालीन अवजड पद्धतीवर टीका करणारे पुस्तक लिहिले. त्यातील कल्पनांतून ‘स्प्रिंग’ ही चौकट उभी राहिली. तिची पहिली पक्की आवृत्ती २००४ साली आली. तीत उद्योगाचे नियम साध्या जावात लिहिता येतात. मात्र बरीच जुळवाजुळव स्वतः करावी लागते. मुंबईत घडलेल्या ‘फ्रॅपे’ची रीत निराळी. नोंदीचे वर्णन दिले की तक्ता, अर्ज आणि परवानग्यांची सोय तीच करते. ‘ईआरपीनेक्स्ट’ ही हिशेब व मालसाठ्याची प्रणाली तिच्यावरच उभी आहे. काम झटपट होते. पण साच्याबाहेरचा नियम आला की झगडावे लागते.

असा नियम भिवंडीतच आहे. अनेक मागवाले मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. मागवाल्याची फक्त विणाई. म्हणजे माल कारखान्यात आहे, पण मालमत्तेत नाही. आमच्या मते हा एकच नियम दोन्ही चौकटींत लिहून पाहणे शंभर गुणांच्या कोष्टकापेक्षा अधिक शिकवून जाते.

दुसरी कसोटी देखभालीची. ‘स्ट्रट्स’ या चौकटीतील एका दोषावर मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती उपलब्ध झाली होती. अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीत ती वेळेवर बसवली गेली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि १४ कोटींहून अधिक लोकांची खासगी माहिती बाहेर गेली. चौकट नामांकित होती; तिच्याकडे लक्ष ठेवणे कमी पडले.

म्हणून लहान कारखान्याने, नियम बसत असतील तर, फ्रॅपेसारखी चौकट घ्यावी. वेगळे नियम आणि जाणकारांचा मोठा गट असलेल्या संस्थेने स्प्रिंगसारखी. दोघांनीही आधी विचारावे : पाच वर्षांनी हिची दुरुस्ती कोण करणार, आणि सोडायची झाल्यास आपली माहिती सहीसलामत बाहेर काढता येईल का? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शाळेच्या ग्रंथालयाचा एखादा अडचणीचा नियम घेऊन हीच परीक्षा करून पाहावी.