यंत्र हात हलवतं, पण फिल्मकडे कोण बघतं?

आर्डुइनो, दोन स्टेपर मोटर आणि चार बीकर वापरून थिन फिल्म बनवणारं घरगुती यंत्र, अशा धाटणीचे पेपर तुम्हीही वाचले असतील. कष्ट वाचवणारं काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बहुतेक पेपर जिथे संपतात तिथे खरा प्रश्न सुरू होतो, असं मला वाटतं.

उदाहरण म्हणून सिलार पद्धत घेऊ. निकोलाऊ यांनी ती १९८५ मध्ये मांडली. आपल्याकडे ती परिचयाची झाली त्यात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या कामाचा मोठा वाटा आहे. पठाण आणि लोखंडे यांचा २००४ चा आढावा आजही वाचला जातो. पद्धत सोपी आहे. कॅडमियम सल्फाइडची फिल्म हवी असेल तर काच आधी कॅडमियमच्या द्रावणात बुडवायची, मग पाण्यात, मग सल्फाइडच्या द्रावणात, परत पाण्यात. झाली एक सायकल. समजा एका सायकलला १०० सेकंद लागले, तर १०० सायकलना पावणेतीन तास. इतका वेळ हाताने तेच करत बसणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे यंत्र हवंच.

पण यंत्र नेमकं काय अचूक करतं? काच किती वेळ बुडाली, तेवढंच. आता पाण्याच्या बीकरचं बघा. काच बाहेर येताना द्रावणाचा पातळ थर सोबत आणते. समजा दरवेळी ०.०५ मिली, म्हणजे एखादा थेंब. १०० सायकलमध्ये ५ मिली द्रावण त्या ५० मिली पाण्यात उतरलं! आता ते पाणी धुणार काय? उरलेलं कॅडमियम पुढे सल्फाइडच्या बीकरमध्ये जातं, तिथेच साका बनतो आणि फिल्मवर भुकटी बसते. पहिली सायकल आणि शंभरावी सायकल यंत्राच्या लेखी सारखी, रसायनाच्या लेखी वेगळी.

काच वर काढायचा वेगही महत्त्वाचा. लांडाउ-लेविचच्या नियमानुसार सोबत येणाऱ्या थराची जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते; वेग दुप्पट केला की थर साधारण १.६ पट. तरी कित्येकदा पेपरमध्ये बुडवण्याचे सेकंद असतात, वेग नसतो.

याउलट ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलं 'एडा' बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली ही यंत्रणा फिल्म बनवते, तिचा वर्णपट आणि वाहकता मोजते, आणि त्यावरून पुढचा प्रयोग ठरवते. एवढा रोबो आपल्या बजेटमध्ये बसणार नाही, मान्य. पण फिल्म मोजल्याशिवाय यंत्र चांगलं म्हणायचं नाही, हा त्यातला विचार फुकट आहे.

म्हणून तुम्ही असं यंत्र बनवत असाल, तर 'मानवी चूक टळते' हे वाक्य लिहिण्याआधी एकाच प्रोग्रॅमवर दहा फिल्म बनवा. दहाही जणींची जाडी मोजा, सरासरीसोबत फरकही छापा. हाताने बनवलेल्या दहा शेजारी ठेवा. पाणी किती सायकलनंतर बदललं तेही लिहा. फरक कमी झाला नसेल तर यंत्राने तुमचा वेळ वाचवला, एवढंच म्हणा. तेही काही कमी नाही.