पोलिश भाषक आणि इंग्रजी ‘फ्रेझल व्हर्ब’ : एक चिकित्सा
पोलिश भाषकांना इंग्रजी ‘फ्रेझल व्हर्ब’ केवळ याद्या पाठ करवून शिकविणे हे त्यांच्या मातृभाषेतील ज्ञानाची उपेक्षा करणे होय. पोलिशमध्ये यासारखे कार्य बहुधा उपसर्ग करतात. ‘पिच’ म्हणजे पिणे. ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विपिच’ म्हणजे पिऊन संपविणे, अर्थात ‘ड्रिंक अप’. तथापि या साम्याला मर्यादा आहेत. शरण जाणे या अर्थी ‘गिव्ह अप’मधील ‘अप’ मुळात वरची दिशा दर्शविते, तर ‘पोद्दाच शे’मधील ‘पोद्’ खालची. शिवाय पोलिश उपसर्ग धातूपासून विलग होत नाही. इंग्रजी अव्यय मात्र कर्मानंतरही येते : ‘ड्रिंक इट अप’. सारांश, अध्यापनाचा आरंभ उपसर्गापासून व्हावा. शब्दशः रूपांतरावर मात्र विसंबू नये.